बर्फवाले निघाले बर्फ बघायला

कोल्ड स्टोरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, कॉइलवर हिम कसं साठतं. कोणी आणून ठेवत नाही. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि जाऊन पाइपावर गोठून बसते. रोज थोडी, रोज थोडी. महिन्याभरात बोटाएवढा पाइप मनगटाएवढा होतो! आमच्या फॅक्टरीतल्या किस्स्यांचं तसंच झालंय. मधूनमधून डिफ्रॉस्ट केलं नाही तर मशीनवर लोड येतो. आज मी डिफ्रॉस्टला बसलेय, खाली बादली लावून घ्या.

तर, तुर्भ्याला आमची बर्फाची फॅक्टरी होती आणि तिला लागूनच माशांचं कोल्ड स्टोरेज. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती. वाशीत बिल्डिंगा होत्या, पण बिल्डिंगांमध्ये माणसं यायची होती. मी तिथे टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर आणि कोणाला काही सापडत नसेल तर शोधून देणारी. सगळ्या फॅक्टरीत बाई मी एकटीच, त्यामुळे मला नावानं हाक मारायची कोणाला गरजच नव्हती. 'बाई' म्हटलं की मीच! फक्त परब काका मला नलू म्हणायचे.

परब काका म्हणजे आमचे कॉम्प्रेसर फोरमन. मूळचे मालवणकडचे, आधी मुंबईत आणि मग तुर्भ्याला, सगळं आयुष्य बर्फ बनवण्यात गेलेलं. या सगळ्या भानगडीला कारण तेच.

*

आम्हाला मशीनचं तेल पुरवणारा एक व्यापारी दरवर्षी कॅलेंडर द्यायचा. एका वर्षी त्यानं परदेशातल्या डोंगरांचं दिलं. जानेवारीच्या पानावर लाल टोपीवाला एक माणूस पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून सुसाट खाली येतोय! ते कॅलेंडर कँटीनमध्ये लागलं आणि चहाच्या सुट्टीत सगळे त्याखाली जमले.

आमचा इलेक्ट्रिशियन पवार, साताऱ्याचा. त्यानं चित्र वरपासून खालपर्यंत तपासलं आणि विचारलं, "सगळं ठीक हाय, पर ह्याला ब्रेक कुठाय?"

लोडिंगचा मुकादम दिगू म्हात्रे, कोपरखैरण्याच्या गावातला, भूमिपुत्र. तो म्हणाला, "ब्रेकचा राहू दे, पन ह्यो येवऱ्या घाईत चाललाय कुठं?"

तेवढ्यात काका बशीत चहा ओतून घेऊन आले. चित्रासमोर उभे राहिले.

"नलू, ह्यो बर्फ कोणी केल्लो?"

"कोणीच नाही काका. आभाळातून पडतो तो."

"कॉम्प्रेसर नाय?"

"नाही."

काकांच्या बशीतला चहा निवून गेला. मग ते म्हणाले, "तीस वर्सां मी बर्फ केलंय. कोणी न केल्लो बर्फ एकदा बघूचो आसा."

पुढच्या वर्षी मार्चअखेर काका रिटायर व्हायचे होते. गाशा गुंडाळून गावी जायचं, हेही ठरलेलं. एकदा मालवणात जाऊन बसले की काका पुन्हा हलणार नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे जे काही करायचं ते त्याआधी! मग दिगूनं टेबलावर अशी थाप मारली की बशा उडाल्या. "जायाचाच! आमी नेनार काकांना!"

चित्राखाली स्वित्झर्लंड लिहिलेलं होतं. तो बेत चहा संपायच्या आत बारगळला. पण आपल्याकडेही गुलमर्ग आहे, तिथे फेब्रुवारीत डोंगर असाच पांढरा असतो, फळ्या भाड्यानं मिळतात आणि शिकवायला माणूसही मिळतो, हे मी शोधून काढलं. शोधून देणं हे माझं कामच होतं. गुलमर्ग नक्की झालं, आणि त्या दिवसापासून त्या कॅलेंडरचं पान कोणी उलटलं नाही. होळीला जानेवारी, गणपतीत जानेवारी, दिवाळीलाही आमच्या कँटीनमध्ये जानेवारीच!

*

काकांचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी लागायच्या आधी कधीतरी एक लोडर कोल्ड रूममध्ये कोंडला गेला होता. जेवायची सुट्टी झाली, दार लागलं, तो आत! वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचला. तेव्हापासून काकांनी नियम घातला. दार लावणाऱ्यानं आधी दारावर हातानं तीन थापा मारायच्या आणि ओरडायचं, "आत कोण?" मग गप्प उभं राहून ऐकायचं. आत कोणी असलं तर त्यानं उत्तर द्यायचं, "मी हाय! दार लावू नको!" आत कोणी नाही हे शंभर टक्के माहीत असलं तरी थापा, हाक आणि ऐकणं, तिन्ही झालंच पाहिजे. साक्षात मालकांनी एकदा नुसतंच दार लोटलं, तर काकांनी त्यांना परत बोलावून थापा मारायला लावल्या होत्या.

सवय अशी अंगात भिनते की सांगता सोय नाही. पहिल्या महिन्यात मी घरचं कपाट लावताना आत हाक मारली. सुनेला काहीतरी बाधलं म्हणून सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली!

आणि काकांच्या घरी फ्रिज आला, तेव्हाची गोष्ट काकू स्वतः सांगायच्या. "दूध ठेवल्यानी, दारार तीन थापटे मारल्यानी नि आराडले, 'आत कोण?' मी म्हटलंय, कोण नाय हो, दोन अंडी आसत!"

*

बेत ठरला तशी तयारी सुरू झाली. पवारचं म्हणणं, "तिथं जाऊन पडण्यापरीस हितंच पडून घ्यावं. ओळखीच्या माणसात लाज वाटत न्हाय."

त्यानं माशांच्या जुन्या पेट्यांच्या दोन लांब फळ्या काढल्या, त्यांना टायरच्या ट्यूबचे पट्टे ठोकले आणि गुळगुळीत होण्यासाठी खालून मेणबत्ती घासली. राहिला डोंगर. तो तर फॅक्टरीत तयारच होता! बर्फाच्या लाद्या वरच्या फलाटावरून खाली ट्रकपर्यंत जायला आमच्याकडे लाकडी घसरगुंडी होती. लाद्या घसरून घसरून ती ओली, थंडगार आणि काचेसारखी झालेली.

पवार वर उभा राहिला. दिगू खाली. मी खिडकीत.

"गुडघे वाकव!" दिगू ओरडला.

"वाकवलेत! आता सरळ हुईनात!"

आणि तो सुटला. लाल टोपी नव्हती, पण बाकी सगळं चित्रातल्यासारखंच! घसरगुंडीच्या टोकाशी ससून डॉकचा ट्रक मागचं फाळकं उघडून लागलेला. पवार त्यात थेट आत, भुशाच्या पोत्यांपलीकडे. फळ्या एकीकडे, पवार दुसरीकडे.

ड्रायव्हर शांतपणे पुढून उतरला, मागे जाऊन आत डोकावला आणि माझ्या खिडकीकडे बघून म्हणाला, "बाई, पंधरा लाद्या सांगितल्या होत्या. ही सोळावी बोलतेय!"

*

गरम कपड्यांचा प्रश्न आमच्यापुढे नव्हताच. मुंबईत स्वेटर शोधायला लोकांना वणवण करावी लागते. आमच्याकडे कोल्ड रूमचे जाड कांबळ्याचे कोट होते, पार पोटऱ्यांपर्यंत येणारे. तेच न्यायचे ठरले.

एकच अडचण. ते कोट वर्षानुवर्षं सुरमई, पापलेट आणि बोंबलांच्या सहवासात राहिलेले. आम्हाला वास येत नव्हता, आमची नाकं केव्हाच निवृत्त झाली होती. काकूंनी मात्र नाकाला पदर लावला आणि पाचही कोट धुवायला घरी नेले. रिठे, सोडा, गरम पाणी, सगळं झालं. मग वाशीतल्या त्यांच्या तळमजल्याच्या गॅलरीत वाळत घातले.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत दारात हजर. "अहो परबवहिनी, हे काय चाललंय? या बिल्डिंगमध्ये मांजर पाळायला परवानगी नाही!"

काकू बाहेर येऊन बघतात तो गॅलरीच्या कठड्यावर, कुंपणावर, स्कूटरच्या सीटवर, सगळ्या सेक्टरची मांजरं कोटांकडे तोंड करून बसलेली. एकही आवाज नाही. कीर्तनाला बसल्यासारखी!

काकू सेक्रेटरींना म्हणाल्या, "मी खंय पाळलंय? पाहुणी इली हत. उद्या परत धुतंय, मगे जातली."

पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी मांजरं आलीच, फक्त थोडी लांब बसली. काकूंनी तेवढ्यावर समाधान मानलं.

*

इथवर सगळी मजाच चालली होती. खरी अडचण पुढेच होती, आणि तिचं नाव होतं साठे साहेब.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे नवे मॅनेजर आले होते. पुण्याचे, तरुण, इंजिनियर, माणूस सज्जन. पण काकांच्या रजेचा विषय काढला की सज्जनपणा संपायचा. "पवार जाऊ दे, म्हात्रे जाऊ दे, बाईंनाही रजा देतो. पण परब गेले तर मशीन कोण बघणार? अमोनियाचा प्लांट आहे हा, पिठाची गिरणी नाही!"

आम्ही आळीपाळीनं गेलो. दिगू गेला, हात हलवत परत आला. पवार गेला, त्याला उलट पंख्याची दुरुस्ती सांगितली. शेवटी काकाच म्हणाले, "साहेबाचा काय चुकता? तुमी जावा. माका फोटो दाखवा."

फोटो दाखवा! मला तेव्हा इतका राग आला, काकांचाच. दिगू तर जेवलाही नाही. काकांशिवाय कसली ट्रिप आणि कसलं काय!

मी घरी जाताना वाट वाकडी करून काकूंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू फॅक्टरीत. आयुष्यात पहिल्यांदा! नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. थेट साहेबांच्या केबिनमध्ये. दार उघडंच होतं, त्यामुळे मला कान लावावा लागला नाही.

"वडी घेवा साहेब."

साहेबांनी वडी घेतली.

"आता माजां आयका. तीस वर्सां तुमी माज्या घोवाक फ्रिजात ठेवलात. मी कदी काय बोललंय? आता पंधरा दिवस भायेर काढा. नासाचो नाय!"

साहेबांच्या तोंडात वडी होती. ती गिळेपर्यंत त्यांना बराच वेळ लागला. मग ते उठले, त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मशीन मी स्वतः बघतो. परबांना सांगा, आजपासून मला शिकवायला घ्या."

आम्ही बाहेर नाचायचंच बाकी होतं. दिगूनं तर घसरगुंडीवरून एक लादी उगाचच सोडली!

पुढचा महिनाभर साहेब बाह्या दुमडून मशीनरूममध्ये. काका त्यांना एकच सांगायचे, "काटो मगे बघा. आदी मशीन आयका."

*

रिझर्व्हेशन काढायला पवार गेला. रजा फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारपासून मंजूर, त्यामुळे जम्मूची गाडीही शनिवारचीच. जायच्या आधी त्यानं कँटीनमध्ये जाऊन तारीख बघून घेतली. पहिला शनिवार, चार. तळहातावर पेनानं चार लिहून घेतलं आणि पठ्ठ्या विजयी मुद्रेनं तिकिटं घेऊन आला.

मी तिकीट बघितलं. माझ्या टेबलावरचं कॅलेंडर बघितलं. परत तिकीट बघितलं.

"पवार, चार तारखेला बुधवार आहे."

"शनवार हाय बाई! डोळ्यानं बघितलाय!"

"कुठे बघितलात?"

"कँटीनात."

कँटीनमधलं पान जानेवारीचं होतं, आणि जानेवारीही गेल्या वर्षीचा! महिना दुसरा, वर्ष दुसरं. फक्त लाल टोपीवाला तसाच घसरत होता. गाडी बुधवारची आणि रजा शनिवारपासून. दुसरी तिकिटं मिळायची शक्यता नव्हती. म्हणजे पुन्हा साहेबांकडे जायचं, पुन्हा पाय धरायचे!

काका तेवढे शांत. "बरां झालां. तीन दिवस आदी बघूक गावतला."

आम्ही सगळे खाली माना घालून केबिनमध्ये उभे राहिलो. पवारनं सगळी हकिगत खरी खरी सांगितली. साहेब उठले, कँटीनमध्ये गेले, कॅलेंडर भिंतीवरून काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"पवार, हे कॅलेंडर बरोबर धरलं तर मी या कंपनीत अजून जॉइनच झालेलो नाही. मग तुमची रजा बदलणार कोण?"

पवार म्हणाला, "मग साहेब, विचारायची तरी काय गरज? आमी जातोच की!"

साहेब हसायला लागले ते थांबेनात. हसता हसताच त्यांनी सही केली. कॅलेंडर मात्र परत जागेवर लावायला सांगितलं.

*

निघालो! काका, काकू, दिगू, पवार आणि मी. माझे मिस्टर तेव्हा मस्कतला होते आणि काकू बरोबर आहेत म्हटल्यावर सासूबाईंची हरकत नव्हती. पवारच्या बायकोनं, "तुमीच घसरा, मी बघणाऱ्यातली न्हाय," म्हणून आपलं नाव कधीच मागं घेतलं होतं.

गाडीत काय धमाल केली म्हणता! थंडी पडू लागली तसे सगळे प्रवासी ट्रंका उघडून स्वेटर शोधायला लागले. आम्ही आपले बसलेलो, घरी आल्यासारखे. आम्ही कोट बाहेर काढले तेव्हा समोरच्या बाकावरच्या दोन कुटुंबांनी आपणहून जागा बदलली आणि आम्हाला पाय पसरायला मिळाले.

काकांचं लक्ष मात्र तुर्भ्यात होतं. श्रीनगरला पोचल्यावर सगळे शिकारे बघायला धावले. काका म्हणाले, "नलू, ट्रंककॉल खंय लावतत?"

पोस्टात जाऊन कॉल बुक केला. बऱ्याच वेळानं तुर्भे लागलं. फोनवर साठे साहेब. काकांनी रिसीव्हर घेतला. कसे आहात नाही, पोचलो नाही, काही नाही.

"साहेब, मशीनरूममदी एक्स्टेन्शन आसा, तो घेवा. घेतलात? आता रिसीव्हर मशीनकडे धरा नि बोलू नकात."

काका डोळे मिटून ऐकत राहिले. पोस्टातले काश्मिरी बाबू हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायला लागले. मला नुसती लांबून घरघर ऐकू येत होती. मध्येच ऑपरेटरनं विचारलं, "तीन मिनिट हो गये, बढ़ाऊँ?"

"बढ़ाव!" काका गरजले.

आणखी ऐकलं. मग रिसीव्हर ठेवला. चेहरा असा फुललेला!

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"साहेब खंय? मशीन बरां आसा. आता चला बर्फ बघूक!"

*

बर्फवाल्याकडे चांगल्या लादीची परीक्षा एकच, ती आरपार दिसली पाहिजे. पाणी गोठत असताना त्यात नळीनं हवा सोडून ते सारखं ढवळत ठेवतात, तेव्हा कुठे लादी काचेसारखी उतरते. हवा बंद पडली की लादी पांढरी. पांढरी लादी म्हणजे कच्चा माल! अशी लादी दिसली की काका खडूनं तिच्यावर फुली मारायचे, आणि मग तिची रवानगी गटाराकडे.

गुलमर्गला आम्ही गाडीतून उतरलो आणि जागच्या जागी खिळलो. झाडं पांढरी, छपरं पांढरी, रस्ते पांढरे, डोंगर पार आभाळापर्यंत पांढरा. त्यावर ऊन पडलेलं. दिगू "आई एकवीरे!" म्हणून थेट गुडघ्यावर बसला. पवारनं टोपी काढून हातात घेतली. चित्रात यातलं काहीच आलं नव्हतं.

काका चार पावलं पुढे गेले. खाली वाकले. ओंजळभर बर्फ घेतला, दोन्ही हातांनी घट्ट दाबला, त्याची वीट केली आणि उन्हाकडे धरली, लादी धरतात तशी. एक डोळा मिटून बघितलं.

काकांनी वीट खाली ठेवली, डोंगरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"पांढरो! आत सगळी हवा! पुरो लॉट रिजेक्ट!"

आम्ही हसून हसून बर्फात लोळलो. काकाही हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

*

चार दिवस आम्ही घसरलो. शिकवायला रशीदभाई म्हणून होते, सोन्यासारखा माणूस. दिगू दुसऱ्याच दिवशी सरसर खाली यायला लागला. "आमी खाडीच्या चिखलान निवट्या धरून मोठं झालो, या बरफाला काय भ्यायचा!" पवारला ब्रेक शेवटपर्यंत सापडला नाही. प्रत्येक वेळी तो कोणाला तरी धडकूनच थांबायचा. मीसुद्धा साडीखाली पँट घालून उभी राहिले! काकूंनी तर बर्फावरच्या घसरगाडीवर बसून दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीचा हट्ट धरला.

काकांनी मात्र फळ्यांना हात लावला नाही. "पायाक फळ्यो बांदून मरू?" ते आपले कोट घालून उतारावर नुसते फिरायचे, नाहीतर एका जागी बसून राहायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी खाली जायची गाडी लागली. सामान चढायला लागलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, कारण डोंगरावरून धुकं उतरत होतं आणि त्याला रस्ता बंद व्हायच्या आत निघायचं होतं. बघता बघता इतकं धुकं आलं की समोरची झाडं पुसली गेली. पांढऱ्यावर पांढरं, हातभर अंतरावरचं दिसेना.

आणि काका कुठेच नव्हते.

आम्ही हाका मारल्या. "काका! परब काका!" काहीच नाही. रशीदभाईंनी शिट्टी फुंकली. त्यांच्या दुकानात फळ्यांची एक जोडी कमी होती. ते ऐकून काकू मटकन बॅगेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "आता खंय शोधू मी ह्यांका?" रशीदभाई दोर घेऊन वर निघायच्या तयारीत.

दिगू एकदम वळला. फळ्या भाड्यानं द्यायच्या त्या दुकानाला पत्र्याचं दार होतं. त्यानं दारावर हातानं थापा मारल्या. एक. दोन. तीन.

"आत कोण?"

आणि आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. पवारनं ड्रायव्हरला हॉर्न बंद करायची खूण केली. काकूंनी रडणं थांबवलं. नियम होता, ऐकायचं.

काही नाही.

दिगूनं पुन्हा थापा मारल्या. या वेळी असा ओरडला की त्याचा आवाजच फाटला. "आत कोण?"

खूप वरून, कुठून ते कळेना, त्या पांढऱ्याच्या अगदी मधून आवाज आला.

"मी हाय! दार लावू नको!"

काकू उठून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे एकदम ओरडलो, काय ओरडलो ते आम्हालाही कळलं नाही. रशीदभाई आवाजाच्या दिशेनं धावले.

आणि पुन्हा तोच आवाज, या वेळी हसतोय असा.

"अजून पाच मिनटां!"

ड्रायव्हर कपाळावर हात मारून काहीतरी बोलायला लागला. काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला, बॅगेवर पुन्हा नीट बसल्या.

"दिगू," त्या म्हणाल्या, "दार उघडांच रवांदे."